शौर्याला जाब विचारणाऱ्या कथा

शिव्हलरीवर, म्हणजे नाइटांच्या शौर्याच्या आदर्शावर, विश्वास ठेवू नये, असे म्हणायला इतिहास भरपूर पुरावे पुरवतो. १३४६ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या फौजेने नॉर्मंडीतले कान शहर लुटले, सामान्य नागरिकांची कत्तल केली. जेमतेम दोन वर्षांत त्याच एडवर्डने ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’ हा नाइटांचा मानाचा संघ स्थापन केला. १४१५ मध्ये अजिंकूरच्या लढाईत पाचव्या हेन्रीने पकडलेल्या फ्रेंच कैद्यांना ठार मारण्याचा हुकूम सोडला. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९१९ साली उत्तर मध्ययुगावर लिहिलेल्या ग्रंथात शिव्हलरीकडे उमराव वर्गाने कठोर वास्तवावर पांघरलेले सुंदर स्वप्न म्हणून पाहिले. आजही अनेक जाणत्या वाचकांना आर्थर राजा, त्याचे नाइट आणि त्यांच्या प्रेमकथा हा सगळा मुलामाच वाटतो.

हे मत मला अर्धेच पटते. नाइट कथेप्रमाणे वागले नाहीत, हे उघड आहे. पण त्या कथा तरी नाइटांना निर्दोष ठरवतात का? मूळ कथा वाचल्या, तर त्यातले उत्तम लेखक आदर्शाची आरती ओवाळताना दिसत नाहीत. ते त्याला कसोटीवर घासून पाहतात, आणि तो कुठे उघडा पडतो हेही दाखवतात.

दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये घोडा आणि तलवार बाळगणारा वर्ग आसपासच्या रयतेला संकटच वाटत होता. ९८९ मध्ये शारू येथे भरलेल्या धर्मपरिषदेने चर्च लुटणाऱ्यांना आणि गरिबांची गुरे पळवणाऱ्यांना शापित ठरवले. शापाच्या धाकाला मर्यादा होती. बाराव्या शतकातल्या कवींनी वेगळी वाट धरली. स्वतःला आवर घालणे हीच प्रतिष्ठा, असे त्यांनी शस्त्रधारी माणसाला शिकवायला घेतले. दक्षिण फ्रान्समधल्या त्रुबदूर कवींच्या गीतांत प्रियकर प्रेयसीपुढे धन्यापुढे झुकावे तसा झुकतो. उत्तरेत क्रेतियाँ द त्रुआने हेच दरबारी प्रेम आर्थरच्या कथांत आणले. लान्सेलॉटची कथा आपण शाँपान्यची काउंटेस मारी हिच्या इच्छेवरून लिहीत आहोत, असे तो सुरुवातीलाच सांगतो.

त्या कथेत पळवून नेलेल्या ग्विनेव्हिअर राणीचा माग काढताना लान्सेलॉटचा घोडा पडतो. वाटेत एक बुटका गाडी हाकत येतो. ही साधी गाडी नव्हे. चोरांची आणि खुन्यांची धिंड काढण्याची गाडी. तिच्यात जो बसला त्याची अब्रू कायमची गेली. राणीची बातमी हवी असेल तर चढ, असे बुटका म्हणतो. लान्सेलॉट दोन पावलांपुरता थबकतो आणि मग चढतो. पुढे जिवावर उदार होऊन तो राणीपर्यंत पोहोचतो, तेव्हा ती तोंड फिरवते. कारण नंतर कळते: ती दोन पावले. लौकिकाची लाज प्रेमापेक्षा क्षणभर मोठी ठरली, हा त्याचा गुन्हा. नाइटाचे सगळे भांडवल म्हणजे त्याचे नाव. क्रेतियाँ त्यालाच हात घालतो.

पण त्याच कथेत आदर्शाची फटही दिसते. जिच्या एका इशाऱ्यावर लान्सेलॉट डोलतो, ती राणी कथेच्या आरंभी आर्थरने के नावाच्या सरदाराला विचार न करता दिलेल्या वचनापायी त्याच्या हवाली केली जाते. तिचे मन कोणी विचारत नाही. पुढे लोग्रेस राज्याची रीतही सांगितली आहे. एकट्या तरुणीच्या केसालाही धक्का लावणाऱ्या नाइटाची सगळीकडे छी-थू होईल. मात्र तिच्यासोबत दुसरा नाइट असेल आणि याने त्याला द्वंद्वात हरवले, तर तिचे हवे ते करावे. त्यात लाज नाही. स्त्रीला देवी मानणाऱ्या व्यवस्थेत ती जिंकून न्यायची वस्तूही होती, हे या ओळींत स्वच्छ दिसते.

क्रेतियाँच्या ‘इव्हेन’मध्ये तर रेशमी वस्त्रांचा सारा डोलारा उघडा पडतो. इव्हेन एका गढीत शिरतो, तेथे तीनशे मुली सोन्याच्या धाग्याने रेशमावर काम करत असतात. अंगावर लक्तरे, चेहरे भुकेने ओढलेले. त्या सांगतात, आमच्या कामातल्या प्रत्येक पौंडामागे आमच्या हाती चारच दिनार पडतात. ज्याच्यासाठी राबतो तो श्रीमंत होतो. एका पौंडात दोनशे चाळीस दिनार, म्हणजे मजुरी साठावा हिस्सा. रेशीम ल्यायलेल्या दरबारापुढे ही कथा सांगितली जात होती, हे ध्यानात घेतले की क्रेतियाँचे धाडस कळते.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, अनामिक कवीची ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ ही इंग्रजी कथा कसोटी आणखी आत नेते. यजमानाची पत्नी तीन दिवस सकाळी गवेनच्या शय्येजवळ येते. तिला दुखवायचे नाही आणि यजमानाचा विश्वासघातही करायचा नाही, अशा कात्रीत तो सापडतो. तो पेच सोडवतो. पण प्राण वाचवणारा हिरवा पट्टा तिच्याकडून घेतो आणि ठरल्याप्रमाणे यजमानाला देण्याऐवजी लपवतो. उघडे पडल्यावर तो आपला भित्रेपणा कबूल करतो, मग सगळ्या बायकांनाही दूषणे देतो. आर्थरचा दरबार हसून तसाच पट्टा भूषण म्हणून बांधतो. गवेन तो कलंक म्हणून बांधतो. माझ्या लेखी हा या साहित्यातला परमोच्च क्षण आहे. कोणी शिक्षा देणार नसताना माणूस स्वतःला क्षमा करत नाही.

पुढे हीच झडती एका लेखिकेनेही घेतली. क्रिस्तीन द पिझान हिने १३९९ मध्ये दरबारी प्रेमाच्या नावाखाली स्त्रियांना फसवणाऱ्यांवर काव्य लिहिले, १४०५ मध्ये ‘स्त्रियांची नगरी’ रचली, आणि १४१० च्या सुमारास युद्धशास्त्र व शिव्हलरीवर ग्रंथही लिहिला. लेखणीवर घर चालवणाऱ्या या विधवेने आदर्श फेकून दिला नाही. ज्यांचे नाव घेऊन तो मिरवला जात होता, त्यांच्या वतीने तिने हिशेब मागितला.

म्हणूनच या कथा मुलामा म्हणून मोडीत काढू नयेत. बळ हाती असलेल्यांचा गौरव प्रत्येक समाज करतो, आपणही करतो. तो गौरव ऐकताना विचारायचे प्रश्न या कथांनी कित्येक शतकांपूर्वीच मांडून ठेवले आहेत: ज्यांचे रक्षण चालले आहे त्यांना बोलू दिले का? या वैभवाचे रेशीम कोणी विणले? आणि चूक झाली तेव्हा वीराने ती मान्य केली का? ज्या गौरवकथेला हे प्रश्न सोसत नाहीत, तिने वीर घडत नाहीत. फक्त बळाला प्रशस्तिपत्र मिळते.