हातगुण आणि प्रमाणपत्र

आमचं धनज कारंजा तालुक्यातलं आणि कारंजा हे दत्तावतार नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. त्यामुळे अवधूताचे, म्हणजे दत्ताचे, २४ गुरू घरात सगळ्यांना पाठ. पृथ्वी, वारा, मधमाशी, अजगर. एकाकडेही प्रमाणपत्र नव्हतं. बीपीटीची साडेचार वर्षं आणि न्यूरोफिजिओथेरपीतल्या एमपीटीची दोन वर्षं संपवून मी आले, तेव्हा आबांनी विचारलं, "कागदानं हाताले गुण येते काय वं?"

प्रश्न खरा आहे. गुण येतो तो सरावानं. नावापुढे अक्षरं वाढली की अहंकारही वाढतो, हेही मान्य. पण अवधूत स्वतःसाठी शिकत होता. चुकला असता तर त्याचं त्यालाच भोगावं लागलं असतं. माझी चूक दुसऱ्याच्या देहात उतरते. अर्धांगवायू झालेल्याचा लुळा हात ओढून उचलला, तर खांदा सांध्यातून सरकू शकतो आणि दुखणं महिनोन्‌महिने टिकतं. त्या माणसाला माझी परीक्षा घेता येत नाही. ती जाणत्यांनी आधीच घ्यायला हवी.

फळाची आसक्ती सोडावी, असं गीता सांगते. जबाबदारी सोडायची मुभा ती देत नाही. विशेषज्ञतेचं प्रमाणपत्र म्हणजे रुग्णाला लिहून दिलेली हमी. ती मोडली, तर जाब विचारायचा हक्क त्याचा.