पगार कोण देतो?

आयातशुल्काचा वाद रंगला की बोस्टनचा चहा हमखास निघतो. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या, हे सर्वांना पाठ असते. मागोमाग कोणी हुशार माणूस टाचणी लावतो: त्या वर्षीच्या कायद्याने चहा उलट स्वस्त झाला होता! मग संताप कसला? चोरटा धंदा बसणार म्हणून व्यापाऱ्यांनी केलेला कांगावा, दुसरे काय.

माहिती खरी, निष्कर्ष उथळ. कंपनीला वसाहतींत थेट विक्रीची मुभा मिळाली आणि डच चहाची तस्करी करणाऱ्यांची गोची झाली, हे मान्य. पण दराचे हे गणित पुढे नेऊन पाहावे. 1764 मध्ये परदेशी काकवीवरचा कर गॅलनला सहा पेन्सांवरून तीनवर आला आणि ओरड सुरू झाली. तस्करवादी म्हणेल, जुना कर भरत कोण होते? अधिकाऱ्यांचे हात ओले केले की माल सुटे. आता वसुली खरी होणार होती. बरोबर. 1766 मध्ये तो कर एक पेनी झाला, कॅरिबियनमधल्या ब्रिटिश बेटांवरच्या काकवीलाही लागला, आणि लोकांनी तो बऱ्यापैकी मुकाट भरला. पाहा, परवडला तेव्हा भरला! ठीक. मग पौंडामागे तीन पेन्सांची चहाची जकातच का नडली? माल स्वस्त, कर किरकोळ. तरी फिलाडेल्फियाहून चहाचे जहाज माल न उतरवता परत धाडले गेले.

‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ ही घोषणाही इथे पुरत नाही. काकवीच्या पेनीमागे तरी कुठले प्रतिनिधी होते?

फरक आहे तो पैसा कुठे जातो याचा. 1764 च्या कायद्यात कारण दिले होते वसाहतींच्या संरक्षणाच्या खर्चाचे. चहाची जकात ज्यातून आली त्या 1767 च्या टाउनशेंड कायद्यात या कारणाच्याही आधी न्यायदान आणि मुलकी कारभाराचा खर्च येऊन बसला. सरळ सांगायचे तर, पगार.

मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर राजा नेमी, पण त्याचा पगार तिथली विधानसभा मंजूर करी. 1728 मध्ये गव्हर्नर विल्यम बर्नेट कायम ठरावीक पगार मागू लागला. सभा एकरकमी अनुदान द्यायला तयार होती, कायमचे बांधून घ्यायला नाही. त्याने सभाच बोस्टनहून सालेमला हलवली, तरी सदस्य बधले नाहीत. गव्हर्नरची ही वेसण 1772 मध्ये सभेच्या हातून सुटली, कारण आता गव्हर्नर थॉमस हचिन्सनचा पगार जकातीतून निघणार होता. (त्याचेच दोन मुलगे कंपनीच्या चहाचे बोस्टनमधले अडते, हा योगायोग बोस्टनकरांच्या नजरेतून सुटला नसावा.) पाठोपाठ न्यायाधीशांचेही पगार राजा देणार अशी बातमी आली आणि नोव्हेंबरात बोस्टनच्या नगरसभेने पत्रव्यवहार समिती नेमली. चहा बुडायला तेव्हा वर्षाहून अधिक अवकाश होता.

हा निकष सगळीकडे चालेल असे नाही. 1896 मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर बसलेल्या साडेतीन टक्के अबकारीमागे पगार नव्हता, मँचेस्टरचे गिरणीवाले होते. मॅसॅच्युसेट्सपुरते मात्र पीटर ऑलिव्हरचे प्रकरण पुरेसे बोलके आहे. वरिष्ठ न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी राजाचा पगार नाकारला. मुख्य न्यायाधीश ऑलिव्हरने घेतला. 1774 मध्ये विधानसभेने त्याच्यावर महाभियोग आणला. हचिन्सनने तो पुढे जाऊ दिला नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये बोस्टनच्या ज्युरींनी ऑलिव्हरसमोर शपथ घ्यायलाच नकार दिला.