सापडलेल्या वस्तूवर कोणाचा हक्क?

संगणकाच्या परिभाषेतील ‘पुसणे’ हा शब्द मुळातच फसवा आहे. ‘फॅट’ या जुन्या, पण मेमरी कार्डांतून अद्याप वावरणाऱ्या फाइल-व्यवस्थेत फाइल पुसली म्हणजे सूचीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलते आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, एवढेच. नव्या लेखनाने झाकली जाईपर्यंत ती जागच्या जागी असते. पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली अशी फाइल परत आणणारी आज्ञावली बाजारात आणली, ती याच वस्तुस्थितीच्या आधारावर.

आजच्या अनेक आज्ञावली शोध विनामूल्य घेतात, सापडलेले छायाचित्र पडद्यावर दाखवतातही. मात्र ते जतन करू जाताच परवान्याची किल्ली, म्हणजे अक्षरे व अंक यांची एक मालिका, विकत घ्यावयास सांगतात. दिवंगत आईचे छायाचित्र मुलाच्याच यंत्रात आहे, डोळ्यांना दिसते आहे, आणि तरीही हाती येत नाही. मग चोरलेली किल्ली वापरण्यात त्याला पाप वाटत नाही. आपलेच आपण घेतले, असे तो म्हणतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १६८ वे कलम येथे आठवावे. हरवलेली वस्तू सापडलेल्या माणसाला आपल्या श्रमांबद्दल मालकावर दावा लावता येत नाही. पण मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून धरण्याचा अधिकार त्याला आहे. अर्थात साम्य येथेच तुटते. त्या माणसाने वस्तू जवळ बाळगलेली असते. आज्ञावलीने काहीच ताब्यात घेतलेले नसते. ती अडवते ते छायाचित्र नव्हे, स्वतःचे पुढचे कार्य. छायाचित्र मुलाचे खरे, पण ते शोधणारी बुद्धी त्याची नव्हे. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याने तर संगणकाच्या आज्ञावलीला वाङ्मयकृतींतच गणले आहे (समीक्षकांनी तिची दखल घेतली नाही, ही गोष्ट वेगळी), आणि अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा १९९४ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे.

तरीही विक्रेता निर्दोष ठरत नाही. मात्र त्याचा दोष लोक दाखवतात तेथे नाही. आधी दाखवून मग दाम मागणे क्रूर वाटते. वस्तुतः व्यवहारातला तोच प्रामाणिक भाग आहे, कारण ग्राहक आंधळेपणाने पैसे देत नाही. दोष असतो तो नुसत्या नावांच्या लांबलचक यादीत. नाव शिल्लक असते, पण त्यामागचा मजकूर कधीच झाकला गेलेला असू शकतो. अशी यादी पुढे करून किल्ली विकणारा माणूस श्रमांचे मोल घेत नाही, समोरच्याच्या आशेचे घेतो.

क्रिस्तोफ ग्रेनिए यांची ‘फोटोरेक’ मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. तिला किल्ली लागत नाही. ती नावांकडे पाहतच नाही, फाइलीच्या आरंभीच्या खुणांवरून तिला ओळखते. त्यामुळे परत आलेल्या शेकडो छायाचित्रांना आकड्यांची परकी नावे मिळतात, आणि आईचा चेहरा मुलाला एकेक उघडून शोधावा लागतो.