खरा अभंग कुठला?

एम.ए.ला ३१ वर्षं संतसाहित्य शिकवलं. संशोधन तुकोबांच्या गाथेतल्या पाठभेदांवर. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली १८६९ ते १८७३ दरम्यान निघालेली गाथा कायम उशाशी. मूळ शब्द सापडला की तुकोबा सापडतील, हा तरुणपणीचा हट्ट.

एकादशीला मात्र पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापून भजनाला बसतो. परवा शेजारच्या आजींनी एक चरण भलताच म्हटला, कुठल्याच पोथीत नसलेला. माझा हात अडखळला नाही. समेवर बरोबर आला. चुकल्या पाठानेही विठोबा भेटत असेल, तर मूळ म्हणायचं कशाला? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी राहिले, ही कथा वर्गात मी घाईने उरकायचो. चूक माझीच.

आजींचा चरण टिपून ठेवलाय. पाठभेदांच्याच रकान्यात.