दैव, पुरुषकार आणि आठ फुटी डिंगी

अपोलो बंदरासमोर नांगरलेल्या शिडाच्या नौकेपर्यंत पोहोचावयाचे तर एक लहानशी डिंगी लागते; आणि ती प्लायवुडमध्ये बांधण्याचा बेत करणाऱ्याला दैव थोर की पुरुषकार, हा आपल्याकडील पुरातन वाद कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच गाठतो. बाजारात मिळणारी शीट आठ फूट लांब आणि चार फूट रुंद. होडी मात्र उचलण्यास हलकी, पायऱ्यांवरून उतरणाऱ्याच्या भाराने न कलंडण्याइतकी रुंद, आणि तरीही मोठ्या नौकेच्या डेकवर पालथी मावेल इतकी आटोपशीर हवी. यांतील एका मागणीला संपूर्ण मंजुरी दिली की दुसरीचा अर्ज आपोआप नामंजूर होतो.

त्यात प्लायवुडचा स्वभाव वेगळाच. एकाचे तंतू दुसऱ्याच्या तंतूंशी काटकोनात येतील अशा रीतीने लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवलेले असल्यामुळे ते साध्या फळीसारखे फुगत-आकसत नाही. पण एका दिशेने मुकाट वळणारी ही शीट एकाच वेळी दोन दिशांनी वळवू गेल्यास हट्टाने नकार देते. म्हणून जाणता आखणीकार तिच्याशी झुंजत नाही. तो सपाट तुकड्यांच्या कडाच वक्र कापतो, त्या तांब्याच्या तारेने एकमेकींशी शिवतो, सांध्यांवर इपॉक्सी आणि काचतंतूंची पट्टी बसवतो; आणि कडा जुळताच नाळेकडे डौलदार बाक आपसूक उमटतो. तो बाक शीटच्या मर्यादेने घडवला की आखणाऱ्याच्या बुद्धीने, याचा हिस्सेवार निवाडा कोणता न्यायाधीश देईल? मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. तिच्या दीर्घायुष्यातही सागवानाचा वाटा किती आणि कारागिराचा किती, हे निराळे काढता येत नाही.

महाभारताच्या अनुशासनपर्वात पुरुषकाराला क्षेत्र आणि दैवाला बीज म्हटले आहे. दृष्टांत सुंदर खरा, परंतु त्यात दैव आणि पुरुषकार ही दोन स्वतंत्र द्रव्ये आहेत असा भास राहतो. होडी बांधणाऱ्याचा अनुभव असा की मर्यादा कृतीच्या बाहेर उभी नसते, ती कृतीला आकार देत तिच्या आतच वावरते.

मात्र या समन्वयाच्या आडून हयगय खपवून घेऊ नये. कापलेली कड उघडी ठेवल्याने पाणी मुरले आणि पापुद्रे सुटले, तर तो दैवाचा कोप नव्हे, कारागिराची कसूर होय. कोणती सीमा खरी आणि कोणती केवळ आळसाने मानलेली, हे आधी पुठ्ठ्याची प्रतिकृती करून पारखून घेणे, हाच पुरुषकाराचा पहिला व्यापार. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणारा कोळी त्याआधी होडीची डागडुजी आणि रंगरंगोटी उरकून घेतो. प्रार्थनेचा अधिकार त्यालाच शोभतो. कारण जे स्वतःच्या हाती होते, ते तो समुद्राकडे मागत नाही.