पाहणाराही नाचतो का?



वारीच्या वाटेवर दिंडी विसाव्याला थांबते, मृदंगावर थाप पडते आणि पावली सुरू होते. माउली, त्या क्षणी तुम्ही कुठे असता? टाळ घेऊन रांगेत, की कडेला? कडेला असाल तर हात जोडलेले असतात, की मोबाईल उंच धरलेला? देवापुढे नाचणाऱ्याला नुसते पाहणे ही भक्ती होते का, असा हा प्रश्न आहे. तो केवळ आपल्यापुढेच आहे असे नाही.

मणिपुरात १७७९ साली राजर्षी भाग्यचंद्र महाराजांनी गोविंदजींपुढे रासलीला सुरू केली. आजही मंदिराच्या मंडपात ती होते. गोपींच्या तोंडावर झिरझिरीत पदर असतो. चेहरा दाखवायचा नाही, पायात घुंगरू नाहीत, पाऊलही हलके पडते. भोवती बसलेले लोक तिथे करमणुकीला आलेले नसतात. राधाकृष्ण झालेली लहान मुले समोर आली की म्हातारी माणसे जमिनीवर डोके टेकतात, रडतात. तिथे पाहणे हीच पूजा आहे.

आता दुसरे उदाहरण घ्या. तुर्कस्तानात कोन्या येथे जलालुद्दीन रूमी यांची समाधी आहे. १२७३ साली त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पंथाचे दरवेश गोल गोल फिरतात, त्याला ‘समा’ म्हणतात. समा म्हणजे ऐकणे. डोक्यावरची उंच टोपी म्हणजे अहंकाराच्या थडग्यावरचा दगड आणि पांढरा झगा म्हणजे त्याचेच कफन. उजवा तळवा आकाशाकडे, डावा भूमीकडे. वरून मिळाले ते खाली द्यायचे, आपल्यापाशी काही ठेवायचे नाही. १९२५ साली तिथल्या सरकारने दरवेशांचे मठ कायद्याने बंद केले. पुढे १९५० नंतरच्या दशकात समा पुन्हा दिसू लागला, पण लोकांपुढचा सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. उपासनेपुढे खुर्च्या आल्या.

मग ती उपासना उरली का? खुर्चीत बसलेल्याला हे कसे सांगता येईल? फिरणाऱ्याचे अंतःकरण त्याचे त्यालाच ठाऊक. आपल्या हाती एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आपली नजर. परक्या माणसाची उपासना आपण तमाशा म्हणून पाहिली तर उणेपणा त्याच्यात नाही, आपल्यात आला.

हेच माप आता आपल्या घरी लावू या. पावली खेळताना समोर कॅमेरा दिसला की मनात हळूच येते, मी कसा दिसतो? पाऊल तेच, ताल तोच, पण ज्याच्यासाठी नाचत होतो तो बदलला. आणि हे घडायला कडेला उभा असलेला आपलाच हात कारण झाला. चित्रण करणे पाप नाही. घरी अंथरुणावर पडलेल्या आजीला त्यातूनच वारी दिसते. पण आजीसाठी दोन मिनिटे पुरतात. उरलेला वेळ आपण कुणासाठी टिपत असतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आपला देव स्वतः पाहणाराच आहे. कमरेवर हात ठेवून विटेवर उभा राहून तो भक्तांची वाट पाहतो. तरीही नामदेवरायांचे कीर्तन रंगले तेव्हा तोच नाचू लागला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवालासुद्धा नुसते पाहत राहवले नाही!

तेव्हा माउली, यंदा दिंडी थांबली की मोबाईल पिशवीत ठेवून बघा. पाय उचलत असतील तर रांगेत शिरा. गुडघे साथ देत नसतील तर टाळी वाजवा. टाळीही जमली नाही तर फुगडी संपल्यावर एकमेकांच्या पाया पडणाऱ्यांना तुम्हीही मनोमन नमस्कार करा. ज्याची मान अशी लवली, तो कडेला उभा असूनही रांगेतच आहे.