वाचून गप्प राहिलेले

युद्धाचं वारं सुटलं की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहालाच तोफा धडधडू लागतात. एरवी केळीचा भाव, पाऊस आणि वाढदिवस यांपलीकडे न जाणारी मंडळी रातोरात रणनीती ठरवायला बसतात. ‘लाहोरपर्यंत घुसा आता.’ ‘भो, तू आधी बांधावरचं भांडण मिटव.’ ‘तू देशद्रोही.’ कोणी चिडून ग्रुप सोडतो, दुपारी ॲडमिन त्याची समजूत काढून परत घेतो.

मे २०२५ मध्ये हे टिपेला पोहोचलं. ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं. पाचोरा तालुक्यातल्या एका जवानाचं लग्न ५ मेला लागलं होतं. बोलावणं आलं आणि अंगावरची हळद उतरायच्या आत, ८ मेला, तो निघाला. त्याला निरोप देणारी नवी नवरी मोबाइलवरून घराघरांत पोहोचली, तिला सलामांवर सलाम पडले. १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली आणि सूर फिरला: ‘एवढ्यात का थांबले?’ परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सरकारचा निर्णय सांगितला, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. पण लोक त्यांच्यावर आणि त्यांच्या मुलीवरही असे तुटून पडले की त्यांनी आपलं एक्सवरचं खातं बंदिस्त करून घेतलं. पाचोऱ्याच्या त्या घरात शस्त्रसंधीची बातमी कशी ऐकली गेली असेल, हा प्रश्न मात्र कोणी टाकला नाही.

वाद घालणारी माणसं वाईट नसतात. जीव कालवतो, करता काहीच येत नाही आणि हातात मोबाइल असतो. युद्ध नको म्हणणारेही काही फार वेगळे नव्हेत. त्यांनाही पुष्कळदा शांतता कमी आणि समोरच्याचं तोंड बंद झालेलं जास्त हवं असतं. बंदुकीच्या गोळ्या आपल्याच जळगाव जिल्ह्यात, वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होतात, तरी युद्ध आपल्याला भेटतं ते मोबाइलवर, क्रिकेटच्या धावफलकासारखं.

अशा ग्रुपमध्ये कोणीतरी एक जण वाचतो सगळं, लिहीत काहीच नाही. त्याचा भाऊ किंवा मुलगा तिकडे ड्यूटीवर असतो. ‘बरं झालं थांबलं’ म्हणावं तर भेकड ठरायची भीती, ‘ठोका’ म्हणावं तर बोट चालत नाही. माझ्या मते त्या वादात ऐकण्यासारखं मत एकट्या त्याचं असतं, आणि ते आपल्याला कधीच कळत नाही.

धुळे तालुक्यातल्या बोरविहीरनं हे आधीच सोसलं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्जिकल स्ट्राइकची बातमी आली, सगळीकडे जल्लोष सुरू झाला आणि त्याच दिवशी गावचा जवान चंदू चव्हाण चुकून नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या हाती सापडला. त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या आजीनं हे ऐकलं आणि त्या धक्क्यानं तिनं प्राण सोडला. तो परत आल्याशिवाय तिच्या अस्थी विसर्जित करायच्या नाहीत, असं घरच्यांनी ठरवलं. धुळ्याचेच खासदार सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते. तरी सुटका व्हायला २१ जानेवारी २०१७ उजाडली. तोवर नोव्हेंबरात नोटाबंदी झाली होती आणि सर्जिकल स्ट्राइकवर भांडणारे त्याच ग्रुपवर, तितक्याच त्वेषानं, दोन हजारांच्या नोटेवर भांडत होते.